पुरंदरच्या वेढ्याचा सिनारियो बनवतोय, किल्ला किती मजबूत ठेवू?

एज ऑफ एम्पायर्स २ या गेमच्या एडिटरमध्ये तुम्ही पुरंदर उभा केलात. कॅसलचे एचपी (तो किती मार सोसतो ते) वाढवले की हल्ला करणारा कंटाळून उठतो आणि कमी केले की किल्ला दहा मिनिटांत पडतो, असं तुमचं म्हणणं. मी याच पायी तीन महिने घालवलेत. एचपीला हात लावू नका, ४८०० आहेत तेवढे पुरेत.

खरा मुद्दा रेंजचा, म्हणजे मारा किती घरं लांब पोचतो याचा आहे. कॅसलची ८, सगळे अपग्रेड घेतले तर ११. ट्रेबुशेची (लांबून दगड फेकणारं यंत्र) १६. ट्रेब लांब लावला की किल्ल्यातला बाण त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पुष्कळ जण हे 'दुरुस्त' करायला कॅसलची रेंज वाढवतात. करू नका. वेढ्याचा जीव यातच आहे, कारण बचाव करणाऱ्याला कधीतरी दरवाजा उघडून बाहेर पडावंच लागतं. १६६५ साली मुरारबाजी देशपांडेही तटाआड बसून राहिले नव्हते, निवडक मावळे घेऊन थेट दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले.

त्यामुळे वेळ दरवाजांवर घालवा. मी आधी एकच महादरवाजा ठेवला होता. रविवारी माझा ऐरोलीचा मावसभाऊ नौपाड्याला आमच्या घरी खेळायला आला आणि त्याने दरवाजासमोर भालेवाले उभे करून ठेवले. माझे घोडेस्वार कमानीतच मेले, पुढे खेळण्यासारखं काही उरलंच नाही. मग मागच्या बाजूला झाडीत एक चोरदरवाजा दिला. पुढच्या डावात तिथून दहा घोडी बाहेर काढली. त्याचे दोन ट्रेब माऱ्यासाठी नुकतेच उघडत होते, ते दोन्ही फुटले आणि तो खुर्चीतून उठून ओरडला. नकाशा जमायला लागलाय हे मला तेव्हा कळलं.

पुरंदरशेजारचा वज्रगड किल्ला मात्र वेगळा हवाच. मोगलांनी आधी तो घेतला आणि तिथून पुरंदरवर तोफा डागल्या. वज्रगड पडला की हल्ला करणाऱ्याला तिथे दोन बॉम्बार्ड कॅनन (तोफा) मिळतील असा ट्रिगर (अट पुरी झाली की आपोआप घडणारी गोष्ट) लावा. त्यांची रेंज १२, कॅसलपेक्षा जेमतेम एक घर जास्त. त्या एका घरापायी दोघंही वज्रगडासाठी जीव टाकतात.

घड्याळ दोन्हीकडे लावा. गडावरच्या धान्यासाठी लूपिंग (पुन्हापुन्हा चालणारा) ट्रिगर, टायमर ६० सेकंद, दर वेळी थोडं फूड ट्रिब्यूटने गायाकडे, म्हणजे कुणाच्याच नसलेल्या बाजूकडे, वळवायचं. आमच्या डावात मिनिटाला ५० बरं बसलं. हल्ला करणाऱ्यासाठी पाऊस: ठरलेल्या मिनिटानंतर तोफांचा अटॅक निम्मा. खरा वेढाही मार्चअखेरीस सुरू होऊन जूनमध्ये तहाने संपला, त्यामुळे हे ओढून-ताणून आणल्यासारखं वाटत नाही.

तपासताना बाजू बदलून खेळा, तीच दोन माणसं, तोच नकाशा. दोन्ही डाव एकच माणूस जिंकला तर तो चांगला खेळतो एवढंच. दोन्ही डाव एकच बाजू जिंकली तर चूक नकाशात आहे. तेव्हा आधी धान्याचा आकडा पाचपाचने हलवून बघा, मग पावसाचं मिनिट. दोन्ही एकदम बदललेत तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. माझा एक अख्खा महिना त्यातच गेला.