लापाकाही: आई-बाबांना घेऊन जावं का?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा सत्तरीतले आहेत, हवाईच्या बिग आयलंडवर वाइकोलोआला मुक्काम आहे, अर्धा दिवस मोकळा आहे, आणि कुणीतरी सांगितलंय की लापाकाहीला, म्हणजे तिथल्या जुन्या कोळी गावाच्या अवशेषांच्या उद्यानात, 'नुसते दगड आहेत'. मी बिग आयलंडला तीनदा गेलोय आणि तिन्ही वेळा लापाकाहीला गेलोय. त्यातल्या एकदा माझे आई-बाबाही सोबत होते. माझं उत्तर, जरूर न्या. फक्त सकाळी जा.

पहिल्या वेळी मी भर दुपारी बाराला पोचलो होतो. बेटाच्या उत्तरेकडच्या कोहाला भागाचा हा पश्चिम किनारा अगदी कोरडा, झाडांची सावली तुरळक, आणि काळा लाव्हा तापला की खालूनही झळा येतात. वीस मिनिटांत परत फिरलो आणि मलाही तेव्हा नुसते दगडच दिसले. म्हणून सांगतो, उद्यान आठला उघडतं, तेव्हाच गेटवर असा. कावाइहाए बंदरापासून २७० क्रमांकाच्या रस्त्याने उत्तरेला साधारण १२ मैल. पाणी, टोप्या आणि मागे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट, एवढं पुरे. वाट सुमारे एक मैलाची, फिरून पुन्हा पार्किंगपाशीच येते. चढ नावापुरता आहे, पण पायाखाली खडे आणि उंचसखल जमीन आहे. बाबा काठी वापरत असतील तर काठी घ्याच. व्हीलचेअर मात्र जमणार नाही.

आता त्या दगडांबद्दल. इथे सुमारे ६०० वर्षांपूर्वी कोळ्यांची वस्ती झाली. किनाऱ्यावरच्या गावाचं नाव कोआइए. लाव्हाच्या या खडकाळ किनाऱ्यावर होडी सुखरूप ओढून घेता येईल अशी जागा सहज मिळत नाही, इथे ती आहे, म्हणून इथे गाव. भिंती आपल्या कोकणातल्या गडग्यांसारख्या, चुना-माती न लावता दगडावर दगड बसवून रचलेल्या. वर गवताचं छप्पर असायचं. एक चौथरा लांबट आणि अरुंद दिसेल, तो होड्या ठेवायचा. त्याच्यासमोर उभं राहून समुद्राकडे बघा, होडी कुठून वर यायची ते न सांगता कळतं.

माझ्या आईला सगळ्यात आवडला तो मिठाचा दगड. काळ्या लाव्हाचा एक ठोकळा, वरच्या अंगाला उथळ ताटलीसारखा खोलगट कोरलेला. त्यात समुद्राचं पाणी ओतायचं, उन्हात आटू द्यायचं आणि तळाशी राहिलेलं मीठ गोळा करायचं. मीठ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खाडीकाठची मिठागरं येतात, इथे एकेका दगडाचं मिठागर! आईने वाकून जवळून पाहिलं आणि म्हणाली, "मासे खारवायला मीठ तर लागणारच की." तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

ते मीठ आणि मासे कुठे जायचे, हे समजलं की गाव जिवंत होतं. जुन्या हवाईत जमिनीची वाटणी डोंगरापासून समुद्रापर्यंत अशा पट्ट्यांत असे. त्या पट्ट्याला 'आहुपुआआ' म्हणतात. किनाऱ्यावर पाऊस नाही, पण काही मैल वर डोंगराच्या अंगाला आहे. तिथे रताळी आणि अळूचे कंद (त्यांचा कालो) पिकत. मासे आणि मीठ वर जायचं, कंद खाली यायचे. वाटेवरून मान वळवून डोंगराकडे बघा, अर्धं गाव तिकडे होतं. मासेमारीलाही शिस्त होती. ओपेलू आणि आकू हे दोन मासे वर्षात आलटून पालटून पकडायचे, एकाचा हंगाम सुरू असताना दुसऱ्याला हात लावायचा नाही. मच्छीमारांचं देवस्थान म्हणजे 'कोआ', तिथे पहिला मासा वाहायचा. तिथे जरा थांबा, आवाज खाली ठेवा.

आणि एका दगडावर ओळीने कोरलेले छोटे खळगे दिसतील. तो 'कोनाने'चा पट. काळे लाव्हाचे आणि पांढरे प्रवाळाचे खडे मांडून दोघांनी खेळायचा खेळ. माझे बाबा तिथे बराच वेळ रमले.

गाव ओस पडलं ते १९व्या शतकात. भूजल खाली गेलं, आणि १८४८ च्या 'महेले'नंतर, म्हणजे जमीनवाटपानंतर, जमीन खाजगी मालकीची झाली तशी डोंगर-किनाऱ्याची ती देवाणघेवाणही विस्कटत गेली.

एक कळकळीची विनंती. एकही दगड उचलू नका, भिंतीवर बसू नका. आठवण म्हणून छोटासा खडादेखील खिशात टाकू नका. हवाईच्या लोकांसाठी ही पूर्वजांची जागा आहे. समोरचं पाणी १९७९ पासून संरक्षित सागरी क्षेत्र आहे. पाणी इतकं नितळ आहे की काठावरूनही मासे दिसतात, तेवढं पुरेसं आहे. पोहायचंच असेल तर परतताना कावाइहाएजवळच्या स्पेन्सर बीचला थांबा, तिथे लाटा शांत असतात.

तुम्ही फेब्रुवारीत जाताय ना? मग दुर्बीण घ्या. हंपबॅक देवमासे डिसेंबर ते एप्रिल या पाण्यात असतात. आम्ही बसलो असताना दूरवर एकाचा फवारा उडाला, आणि त्यामागे समुद्रापलीकडच्या माउई बेटावरचा हालेआकाला डोंगर ढगांवर तरंगत होता.

दहापर्यंत तुमचं चालून होईल. मग तोच रस्ता पुढे हावी गावाला जातो, तिथे जेवा, आणि रस्ता संपतो तिथून पोलोलू दरी बघा. दरीत उतरणारी वाट मात्र बरीच उताराची आहे, आई-बाबांना वरूनच दाखवा.