अँटीडिल्यूव्हियन: महापुराच्या आधीचं

एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘आमच्या लंडनच्या साहेबांनी ऑफिसातल्या प्रिंटरला ‘अँटीडिल्यूव्हियन’ म्हटलं. शब्दकोशात ‘पुरापूर्वीचा’ असा अर्थ मिळाला. प्रिंटरचा आणि पुराचा काय संबंध?’

हा पूर नोहाचा. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला महाप्रलय. त्याच्याही आधीची वस्तू म्हणजे किती जुनी, अशी ही अतिशयोक्ती आहे.

लॅटिन ‘अँटे’ म्हणजे आधी. ए. एम. मधला ‘ए’ तो हाच, आणि संस्कृतातला ‘अन्ति’ त्याचा सख्खा नातेवाईक. देवनागरीत हा ‘अँटी’ आणि ‘अँटीबायोटिक’मधला विरोधवाचक ‘अँटी’ सारखेच दिसतात, त्यामुळे घोटाळा होतो. इंग्रजीत स्पेलिंग करताना ‘टी’नंतर ‘ई’ हवा, ‘आय’ नव्हे. ‘डिलुव्हियम’ म्हणजे पूर. मूळ क्रियापद धुऊन काढण्याचं. ‘डायल्यूट’ त्यातूनच आला. उच्चारताना जोर ‘ल्यू’वर द्यायचा.

शब्द घडवला नॉर्विचचे डॉक्टर सर टॉमस ब्राऊन यांनी. लोकांच्या गैरसमजुती तपासणाऱ्या त्यांच्या १६४६ सालच्या ग्रंथात तो येतो, आणि तोही बायबलमधल्या मथुशलह या पुरुषाच्या चर्चेत. मथुशलह ९६९ वर्षं जगला, पण सर्वांत दीर्घायुषी तोच कशावरून, असा ब्राऊनसाहेबांचा प्रश्न. मला इथला हिशेब फार आवडतो. मथुशलहाच्या १८७व्या वर्षी लामेख झाला, लामेखाच्या १८२व्या वर्षी नोहा, आणि पूर आला तेव्हा नोहा ६०० वर्षांचा. बेरीज करून पाहा: ९६९! म्हणजे हा म्हातारा पुराच्याच वर्षी गेला. त्याचं सगळं आयुष्य शब्दशः अँटीडिल्यूव्हियन.

तिथे शब्द कालगणनेचा, गंभीर होता. चेष्टेचा ‘जुनाट’ हा अर्थ अठराव्या शतकात रुळला. आज तो यंत्रांना, नियमांना, विचारांना लावतात. ‘अँटिक’ म्हटलं की वस्तूची किंमत वाढते. हा शब्द लावला की ती भंगारात जायच्या लायकीची ठरते. म्हणून माणसाला, त्यातही वडीलधाऱ्यांना, तो लावू नये.

मराठीत ‘प्रलयपूर्व’ हे भाषांतर बायबलच्या संदर्भातच शोभेल. प्रिंटरसाठी आपल्याकडे नेमका शब्दप्रयोग आहेच: ‘बाबा आदमच्या जमान्यातला’. आदमही पुराआधीचाच, तेव्हा काळसुद्धा तोच.