उबुंटूचं पार्टिशन डिलीट केल्यावर कॉम्प्युटर काळ्या 'ग्रब' स्क्रीनवर अडकतो. विंडोज पुन्हा टाकावं लागेल का?

नाही, अजिबात नको. तुमचं विंडोज आणि त्यातला सगळा डेटा जागेवर आहे.

तुम्ही उबुंटूचं पार्टिशन उडवलंत, पण ग्रब, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना उबुंटू सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, तिथे पूर्णपणे नव्हताच. यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली, मशीन सुरू करण्याची पद्धत) असलेल्या मशीनवर तो दोन ठिकाणी उरतो: ईएफआय नावाच्या छोट्या पार्टिशनमधल्या 'उबुंटू' फोल्डरमध्ये, आणि मदरबोर्डच्या मेमरीतल्या बूट यादीत. ग्रब सुरू होतो, आपली पुढची फाइल उडवलेल्या पार्टिशनवर शोधतो, ती सापडत नाही, म्हणून तिथेच थांबतो.

आधी विंडोजमध्ये शिरा. चालू करताना एफ१२ (काही कंपन्यांत एफ९ किंवा एस्केप) दाबून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा, ती मागितली जाऊ शकते.

मग कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. पॉवरशेल नको, तिथे महिरपी कंस अडचण करतात. आज्ञा इथे देवनागरीत देतोय, टाइप इंग्रजीत करा. 'बीसीडीएडिट /एनम फर्मवेअर' दिल्यावर यादी येईल. ज्या नोंदीच्या वर्णनात उबुंटू आहे, तिचा कंसातला लांबलचक आयडेंटिफायर कंसासकट कॉपी करून 'बीसीडीएडिट /डिलीट' पुढे चिकटवा. बूटएमजीआर आणि एफडब्ल्यूबूटएमजीआर या नोंदींना हात लावू नका.

आता फोल्डर. 'माउंटव्हॉल एस: /एस' दिलं की ते लपलेलं पार्टिशन एस ड्राइव्ह म्हणून उघडतं. नंतर 'आरडी /एस एस:\ईएफआय\उबुंटू'. एंटर दाबण्याआधी नाव पुन्हा वाचा, कारण शेजारीच मायक्रोसॉफ्टचं फोल्डर आहे. ते गेलं तर विंडोजही उठणार नाही. शेवटी 'माउंटव्हॉल एस: /डी'. दोन्ही कामं करा. नुसती नोंद काढली आणि फोल्डर ठेवलं, तर काही लॅपटॉप ती नोंद आपोआप परत बनवतात.

'बूटरेक /फिक्सएमबीआर' हा सल्ला तुम्हाला जागोजागी मिळेल. तो जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनसाठी आहे. यूईएफआय बूट करताना एमबीआरमधला, म्हणजे डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या भागातला, कोड चालवतच नाही, त्यामुळे त्याने काहीच फरक पडणार नाही. तुमचं मशीन कुठलं, ते 'एमएसइन्फो३२' उघडून 'बायोस मोड' या ओळीत दिसेल. तिथे 'लेगसी' असेल तरच विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून रिकव्हरीत जाऊन ती आज्ञा द्या.