दुसऱ्या देशाचं विमान न विचारता आपल्या हद्दीत आलं तर ते पाडता येतं का?

प्रवासी विमान असेल तर नाही. नागरी विमानांबद्दलच्या १९४४ च्या आंतरराष्ट्रीय शिकागो करारात पहिल्याच कलमात लिहिलंय की आपापल्या हद्दीवरच्या आकाशावर त्या त्या देशाचा पूर्ण हक्क (हद्दीत आज किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्रही धरतात), म्हणून तर नियमित फ्लाइटला नुसतं वरून जायलाही परमिशन लागते. पण हक्क आहे म्हणजे गोळी घालायची मुभा नाही हो! १९८३ मध्ये सोव्हिएत फायटरने वाट चुकलेलं कोरियन विमान पाडलं, २६९ माणसं गेली, इतकी माणसं हकनाक गेल्यावर मग १९८४ मध्ये करारात कलम ३ बिस (म्हणजे कलम ३ नंतर घातलेलं जादा कलम) टाकलं, की उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरायचं नाही. अडवा, खाली उतरायला सांगा, तेवढंच. लष्करी विमानाला मात्र हे संरक्षण नाही.