एमएसच्या रुग्णसेवेचे ऑडिट करायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिले आहे की इंग्लंडमधल्या एका रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागात तुम्ही नुकत्याच रुजू झाला आहात, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूला इजा करणारा दीर्घकाळ चालणारा आजार) रुग्णांची देखभाल ‘नाइस’ या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार होते की नाही याचे ऑडिट कन्सल्टंटनी तुमच्याकडे सोपवले आहे, आणि हाताशी जेमतेम चार महिने आहेत. मीही महाराष्ट्रातून एमबीबीएस करून इकडे आलो आणि माझे पहिले ऑडिट याच विषयावर होते. ऑडिट म्हटले की तोवर मला फक्त हिशेबतपासनीस आठवत असत. ते ऑडिट बरेचसे चुकले, म्हणून जे चुकले तेच आधी सांगतो.

मी बाह्यरुग्ण विभागाच्या मागच्या काही महिन्यांच्या अपॉइंटमेंटची यादी घेतली आणि त्यातल्या किती रुग्णांचा वर्षातून एकदा व्हायला हवा तो सर्वांगीण आढावा झाला आहे, हे मोजले. निकाल इतका देखणा आला की मला स्वतःचेच कौतुक वाटले. एमएस नर्सने ती यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि एवढेच विचारले, “यात व्हीलचेअरवरचे कोणीच कसे नाही?” जे रुग्ण आजाराचा वेग रोखणारी औषधे घेतात, त्यांना रक्ततपासणी आणि एमआरआयसाठी यावेच लागते, त्यामुळे त्यांचा आढावा ओघानेच होतो. ज्यांचा आजार सेकंडरी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हळूहळू वाढतच जाणाऱ्या टप्प्यात गेला आहे, ज्यांचे औषध बंद झाले आहे आणि प्रवास जमत नसल्याने ज्यांच्या दोन अपॉइंटमेंट हुकल्या, ते अनेक ठिकाणी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, परत पाठवले जातात आणि यादीतून गळतात. ज्यांच्याकडे दुर्लक्ष झाले त्यांनाच मी मोजणीतून वगळले होते. म्हणून वार्षिक आढावा मोजायचा असेल तर छेदस्थानी क्लिनिकला आलेले रुग्ण घेऊ नका, तुमच्या विभागाने निदान केलेले किंवा स्वीकारलेले सगळे एमएसचे रुग्ण घ्या. ही यादी संगणकावर एकत्र सापडेलच असे नाही; बहुतेक वेळा ती नर्सच्या स्वतःच्या नोंदवहीत असते.

आता निकषांविषयी. नाइसची एमएसवरील पहिली मार्गदर्शिका २००३ ची, तिच्या जागी २०१४ ची आली आणि सध्याची जून २०२२ ची आहे. ज्या काळातील नोंदी तपासाल त्या काळात लागू असलेलीच मोजपट्टी लावा. मार्गदर्शिकेतले प्रत्येक वाक्य निकष म्हणून चालत नाही. ‘हे उपचार द्या’ आणि ‘या उपचारांचा विचार करा’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग तिथे मुद्दाम केलेले असतात. पहिल्या प्रकारात शंभर टक्क्यांची अपेक्षा रास्त आहे. दुसऱ्या प्रकारात फार तर चर्चा झाल्याची नोंद आहे का, एवढेच पाहता येते. मोजण्याजोगी विधाने हवी असतील तर नाइसचीच २०१६ ची गुणवत्ता मानके उघडा. निदानानंतर सहा आठवड्यांत पुन्हा भेट, रिलॅप्सवरील (आजार पुन्हा उफाळण्यावरील) उपचार लक्षणे सुरू झाल्यापासून चौदा दिवसांत, वर्षातून किमान एक सर्वांगीण आढावा, अशी ती नेमकी आहेत. चार महिन्यांत यातली दोन पुरेत. दहा निकष घेणाऱ्याच्या हाती शेवटी फक्त रंगीत आलेख उरतात.

चौदा दिवसांचा निकष सोपा वाटतो, पण तो कसा दगा देतो ते एका फाइलवरून सांगतो. रुग्णाने शुक्रवारी संध्याकाळी हेल्पलाइनवर निरोप ठेवला होता: गेल्या शुक्रवारपासून डाव्या पायात बळ राहिलेले नाही. सोमवारी नर्सने फोन केला. स्टेरॉइड देण्यापूर्वी जंतुसंसर्ग नाही ना हे पाहावे लागते, म्हणून लघवीची तपासणी सांगितली. तिचा अहवाल बुधवारी आला. त्याच दिवशी तोंडाने घ्यायच्या मिथाइलप्रेडनिसोलोनचे, म्हणजे रोज अर्धा ग्रॅम पाच दिवस, पत्र जीपीकडे गेले. पत्राच्या तारखेने मोजले तर लक्षणे सुरू झाल्यापासून बारावा दिवस, निकष पाळला गेला. औषधाच्या दुकानात मात्र शंभर मिलिग्रॅमच्या गोळ्या शिल्लक नव्हत्या आणि रुग्णाने पहिल्या पाच गोळ्या घेतल्या तो सोळावा दिवस होता. मग ‘उपचार सुरू’ म्हणजे कोणती तारीख? हे फाइली उघडण्यापूर्वी ठरवून लिहून ठेवा, नाहीतर हात नकळत सोयीच्या तारखेकडे वळतो. आणि ही फाइल त्यातल्या त्यात बरी म्हणायची, कारण बाकी कित्येकींत लक्षणे कधी सुरू झाली याची तारीखच नव्हती. ‘गेले काही दिवस’ एवढेच लिहिलेले. अशा फाइली ‘निकष पाळला नाही’ या रकान्यात ढकलू नका आणि गाळूही नका. ‘नोंद नाही’ असा तिसरा रकाना ठेवा, कारण काम न होणे आणि काम होऊन न लिहिणे यांवरचे उपाय निराळे असतात. रिलॅप्स कशाला म्हणायचे तेही आधी ठरवा: लक्षणे चोवीस तासांहून अधिक टिकलेली, त्यामागे संसर्ग नाही, आणि त्याआधी किमान महिनाभर प्रकृती स्थिर.

वार्षिक आढाव्याबाबत ‘झाला’ किंवा ‘नाही झाला’ एवढ्यावर थांबू नका. पत्रात चालणे आणि एमआरआय नेहमीच सापडतात. लघवी-शौचाच्या तक्रारी, लैंगिक अडचणी, स्मरणशक्ती, मनःस्थिती, हाडांचे आरोग्य, वाहन चालवणे आणि घरी काळजी घेणाऱ्या माणसाची अवस्था हे विषय गळतात. माझ्या मते ऑडिटचा खरा माल तिथेच आहे. शक्य झाल्यास थोड्या रुग्णांनाही विचारा. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २००६, २००८ आणि २०११ मध्ये एमएसच्या सेवांचे राष्ट्रीय ऑडिट केले, तेव्हा रुग्णालयांबरोबर खुद्द रुग्णांनाही प्रश्न विचारले होते.

कागदपत्रांचे थोडक्यात: रुग्णालयाच्या क्लिनिकल ऑडिट विभागात आधी नोंदणी करा, रुग्णांची नावे तुमच्या तक्त्यात आणू नका आणि तक्ता स्वतःच्या लॅपटॉपवर नेऊ नका. हे संशोधन नसल्याने एथिक्स समितीची परवानगी सहसा लागत नाही, तरी ते त्या विभागाकडून लेखी घ्या.

राहिली फेरतपासणी, म्हणजे बदल केल्यावर तीच मोजणी पुन्हा करणे. कनिष्ठ डॉक्टरांची ऑगस्टमध्ये बदली होते आणि दुसरी फेरी तशीच राहते. त्यामुळे बदल असा सुचवा की तो तुमच्यावर अवलंबून नसेल. आमच्याकडे हेल्पलाइनच्या फॉर्मवर ‘लक्षणे सुरू झाल्याची तारीख’ हा रकाना सक्तीचा केला, आणि दुसरी फेरी माझ्यानंतर आलेल्या डॉक्टरने त्याच तक्त्यावर केली. तुमचा तक्ता आणि तारखांच्या व्याख्यांचे ते एक पान पहिल्याच आठवड्यात एमएस नर्सकडेही ठेवा, कारण तुम्ही गेल्यावरही ती तिथे असेल.