२०११चा आय७ काढून आय३ घ्यायचा? दुकानदार फसवतोय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : घरी २०११ मध्ये घेतलेला, इंटेलच्या आय७-२६०० प्रोसेसरचा पीसी आहे, फार हळू चालतो. ऐरोलीतला दुकानदार म्हणतो, आय३-१२१०० घ्या, दुप्पट वेग मिळेल. पण आय७ काढून आय३ घेणं म्हणजे पैसे मोजून एक पायरी खाली उतरणं नाही का?

नाही. एवढ्यापुरतं तरी दुकानदार खरं बोलतोय. मात्र पीसी हळू आहे तो प्रोसेसरमुळेच, हे त्याने मशीन न उघडता कसं ओळखलं, ते त्याला विचारा.

आय३, आय५, आय७ हे दर्जे त्या त्या पिढीपुरते असतात. २६०० मधला पहिला आकडा २, म्हणजे दुसरी पिढी. १२१०० म्हणजे बारावी. दुसरीत पहिला नंबर आलेलं पोर आणि बारावीत काठावर पास झालेला मुलगा, दोघांना एकच गणिताचा पेपर दिला तर काय होईल ते सांगायला नको.

गंमत म्हणजे कागदावर हे दोघे जुळे वाटतात. दोन्हींत ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ८ थ्रेड (एका वेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या रांगा). मूळ वेग जुन्याचा ३.४ गिगाहर्ट्झ, नव्याचा ३.३. म्हणजे नवा कमीच! तरी एका कोअरचं काम मोजणाऱ्या चाचण्यांत नवा जवळपास दुप्पट भरतो.

हे कसं, ते ठाणे स्टेशनच्या जिन्यावर संध्याकाळी सात वाजता कळतं. गिगाहर्ट्झ म्हणजे माणसं पायऱ्या किती भराभर चढतात तो वेग. तो गेल्या वीस वर्षांत बेताचाच वाढला. २००४ मध्येच इंटेलच्या पेंटियम ४ ने ३.८ गिगाहर्ट्झ गाठले होते, आणि २००६ मध्ये आलेल्या कोअर २ ड्युओने त्याहून कितीतरी कमी गिगाहर्ट्झवर त्याला मागे टाकलं. वाढली ती जिन्याची रुंदी. २६०० आतल्या घड्याळाच्या एका ठोक्याला ४ सूचना (प्रोग्रॅमच्या बारीक आज्ञा) उलगडून आत घेऊ शकतो, १२१०० सहा. शिवाय पुढे कुणी मोठी बॅग घेऊन अडकला, तर मागच्यांनी बाजूने निघून जायचं, हेही प्रोसेसर करतो : एक सूचना मेमरीची वाट बघत थांबली की तिच्या मागच्यांपैकी जमतील त्या उरकून घेतो. अशा सूचना जुना १६८ पर्यंत नजरेत ठेवतो, नवा ५१२. दर कोअरला हाताशी असलेली एल२ कॅश (छोटी, जलद मेमरी) २५६ केबीवरून सव्वा एमबीवर गेली, त्यामुळे मुळात थांबणंच कमी.

आमच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात हे दोन्ही प्रोसेसर शेजारशेजारच्या टेबलांवर आहेत. प्रॉडक्टचे व्हिडिओ बारीक करून पाठवायचे असतात. जुन्यावर काम लावून कटिंग मागवायचा, पिऊन व्हायचा, तरी पट्टी अर्ध्यावर. नव्यावर चहावाला पोरगा यायच्या आत फाइल तयार. पण टॅलीत एंट्री करताना? कुणाला कोणत्या टेबलावर बसलोय हे कळतसुद्धा नाही. कारण जुन्यात आम्ही केव्हाच एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाकली.

म्हणून आधी एक करा. पीसी अडखळत असताना टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू २०–३० टक्के आणि डिस्क १०० दाखवत असेल, तर दोषी तुमची जुनी हार्ड डिस्क आहे. साधी साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्याच केबलीला लागणारी) टाका. त्या काळातल्या स्वस्त एच६१ मदरबोर्डवर ती पूर्ण वेगाने धावणार नाही, तरी फरक पहिल्याच दिवशी दिसेल. रॅम ४ जीबी असेल तर तीही वाढवा. आणि कॅबिनेट उघडाच! घोडबंदर रोडला राहणाऱ्या मित्राच्या प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची अक्षरशः गोधडी निघाली. तापला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो, मग तो आय७ असो की आणखी काही.

यूट्यूब अडखळत असेल तर मात्र एसएसडीने भागणार नाही. आता तिथले बरेचसे व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी दाबून येतात. २६०० मधल्या ग्राफिक्सला (पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या भागाला) ते उलगडता येत नाहीत, मग सगळा भार कोअरवर. १२१०० मध्ये त्याची सोय आतच आहे.

दुसरी अडचण विंडोजची. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. या मशीनवर बँकेचे व्यवहार करत असाल, तर माझ्या मते बदलायला हेच कारण पुरेसं आहे. फक्त बजेट नीट धरा : सॉकेट (प्रोसेसर बसतो ती खाच) वेगळं, म्हणून मदरबोर्ड नवा, तुमची जुनी डीडीआर३ रॅम त्यात बसत नाही, म्हणून रॅमही नवी.

आणि बिल करण्याआधी नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे का ते बघा. १२१००एफ थोडा स्वस्त पडतो म्हणून माझ्या मेव्हण्याने तोच उचलला. घरी आणून जोडला, पंखे फिरतायत, दिवे लागलेत, मॉनिटर काळाठिक्कर. रविवारची अख्खी दुपार आम्ही केबली बदलत बसलो. एफवाल्यात ग्राफिक्सच नसतं. वेगळं कार्ड घ्यावं लागलं आणि वाचवले त्याहून जास्त गेले.