दर महिन्याला पाच हजारांची एसआयपी (ठरावीक रकमेची नियमित गुंतवणूक) शेअरमध्येच करायची आहे. ओळखीच्या सब-ब्रोकरकडे (मोठ्या ब्रोकरचा स्थानिक एजंट) खातं उघडू की डिस्काउंट ब्रोकरकडे?

तुमचा सब-ब्रोकर ‘टिप्स फुकट देतो’ म्हणतोय आणि ऑफिसातले मित्र ॲपवाला स्वस्त ब्रोकर घे म्हणतायत. मी काही वर्षं नाशिकला एका ब्रोकरच्या शाखेत काम केलंय, त्यामुळे दलालीचा हिशेब आतून पाहिलाय.

एनएसई किंवा बीएसई या शेअर बाजारांवर आपल्याला थेट सौदा करता येत नाही, सेबीकडे (बाजाराची नियामक संस्था) नोंदणी असलेला ब्रोकर मध्ये लागतोच. तो ऑर्डर पाठवतो, पैशांचा हिशेब मिटवतो, कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणजे सौद्याची पावती देतो. शेअर मात्र एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत, तुमच्या डिमॅट खात्यात तुमच्याच नावावर राहतात. त्यामुळे ब्रोकर आवडला नाही तर ते दुसरीकडे हलवता येतात.

आता पैशांचं. फुल-सर्व्हिसवाला, म्हणजे शाखा आणि सल्ला देणारा ब्रोकर, डिलिव्हरीवर (शेअर घेऊन खात्यात ठेवले तर) अर्धा टक्का घेतो असं धरू. वर्षाला 60,000 गुंतवलेत तर दलाली 300 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 354 रुपये. एवढ्यासाठी कुणी एवढा विचार करू नये! पण टिपा ऐकून तेच 60,000 दर महिन्याला एकदा घेतले-विकले, तर वर्षाची उलाढाल 14 लाख 40 हजार होते. दलाली 7,200, जीएसटी 1,296, वर एसटीटी (शेअर सौद्यावरचा सरकारी कर) 1,440. जवळजवळ दहा हजार गेले, नफा-तोट्याचं अजून नावही नाही. त्या दलालीत सब-ब्रोकरचा (कागदोपत्री आता तो ‘ऑथराइज्ड पर्सन’ असतो) वाटा असतो. तुम्ही शेअर घेऊन दहा वर्षं गप्प बसलात तर त्याच्या हाती काय लागणार? माणूस वाईट असतो असं नाही, त्याचं पोट उलाढालीवर आहे.

डिस्काउंटवालेही धर्मादाय नाहीत. झिरोधासारखे काही ब्रोकर डिलिव्हरीवर दलाली घेत नाहीत, इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) आणि एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) ऑर्डरमागे दलाली घेतात. म्हणजे कमाई कुठे आहे ते उघड आहे. सेबीने 2024 मध्ये मांडलेल्या हिशेबात तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला होता. खातं उघडताना तो सेगमेंट सुरूच करू नका.

तुमच्यासाठी मी डिस्काउंटच सांगेन. कुठला शेअर घ्यायचा हे तुम्हीच ठरवणार असाल तर शाखा, आरएम (तुमच्यासाठी नेमलेला ब्रोकरचा माणूस), रोजचे फोन यांचे पैसे कशाला? अपवाद एकच: घरात आजोबा-वडिलांच्या नावाची जुनी कागदी सर्टिफिकेटं असतील तर. एप्रिल 2019 पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. वारसाची कागदपत्रं, जुळत नसलेल्या सह्या, रजिस्ट्रारशी (कंपनीच्या शेअरधारकांची नोंद ठेवणारी संस्था) पत्रव्यवहार, या भानगडीत समोर बसून फॉर्म भरून देणारा जुना ब्रोकर सोन्यासारखा. ॲपच्या चॅटवर ते काम होत नाही.

कुणाकडेही खातं उघडलंत तरी डिपॉझिटरीचा मेसेज आणि स्टेटमेंट ब्रोकरच्या आकड्याशी ताडून बघत जा. 2019 मध्ये कार्वी या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण ठेवल्याचं उघड झालं. त्यानंतर नियम बरेच कडक झालेत, पण स्टेटमेंट न उघडणाऱ्याला नियम काय करणार. आणि पैसे कायम तुमच्या बँक खात्यातून ब्रोकरच्या अधिकृत खात्यात, ओळखीच्याच्या गूगल पेवर नाही.

ओळखीच्याला तोंडावर नाही म्हणवत नसेल तर त्याच्याकडेही खातं ठेवता येतं, एकाहून जास्त डिमॅट चालतात. फक्त चार लाखांपर्यंतच्या शेअरवर वार्षिक शुल्क माफ असलेलं बेसिक डिमॅट मग मिळणार नाही, ते ज्याच्या नावावर एकच खातं आहे त्यालाच मिळतं.